नाव नसलेलं बटण

ती तक्रार ज्या संध्याकाळी आमच्या ठाण्यात आली, ती संध्याकाळ मी अजून विसरलेलो नाही. खात्यात उभी हयात गेली. चोऱ्या, मारामाऱ्या, खून, सगळं पाहून झालं, आणि त्यातलं बरंच आता एकमेकांत मिसळून गेलं आहे. हे प्रकरण मात्र वेगळं राहिलं. त्यात पहिल्यापासून माझा गोंधळ उडाला होता आणि थोडा अजूनही आहे. कोणाचं नाव मी इथे देणार नाही. त्या माणसांना अजून याच शहरात राहायचं आहे.

सोलापुरात मी तेव्हा एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. भवानी पेठेचा काही भाग आमच्या हद्दीत यायचा. संध्याकाळची हजेरी आटोपून मी केबिनमध्ये बसलो होतो. ठाणे अंमलदार आत आला आणि म्हणाला, "साहेब, एक जण आलाय. बायको हरवलीय म्हणतो. त्याला दिसत नाही."

तिशीतला माणूस. हातात घडीची पांढरी काठी, अंगावर टॉवेलच्या कारखान्यातले सुताचे तंतू चिकटलेले. एका कारखान्यात टॉवेलच्या घड्या घालून पॅकिंग करायचं काम तो करायचा. त्याची बायकोही जन्मापासून अंध. ती एका गॅस एजन्सीत फोनवर बुकिंग घ्यायची. अंधांच्या प्रशिक्षण केंद्रात दोघांची ओळख झाली आणि त्यांनी लग्न केलं. त्याचं घराणं तेलुगू विणकरांचं, आईवडील आता नाहीत. तिचं माहेर दक्षिण सोलापूरच्या एका खेड्यातलं, मेंढरं आणि थोडी कोरडवाहू शेती असलेलं. हे लग्न माहेरी कोणाला पसंत नव्हतं.

"दुपारी बोलणं झालं साहेब. शिफ्ट बदलून आज जरा लवकर घरी येते म्हणाली. आलीच नाही. फोन बंद लागतोय." मग थांबून म्हणाला, "तिला दिवस गेलेत. पोट बरंच पुढं आलंय."

सज्ञान बाई घरी आली नाही तर ठाण्यात सहसा 'थोडं थांबा, येतील' असं सांगितलं जातं. इथे थांबायचा प्रश्नच नव्हता. मी मिसिंगची नोंद लगेच घ्यायला लावली, बिनतारी संदेश दिला, रेल्वे स्टेशन आणि एसटी स्टँडवर माणसं पाठवली. तिच्या फोनचा तपशील मागायला सायबर शाखेला पत्र गेलं, पण तो यायला दुसरा दिवस लागणार होता. माहेरी फोन लावला. तिच्या भावानं उचलला. "हिकडं कशाला यील साहेब? दिवाळीपासनं तिचं आन आमचं बोलनं न्हाय," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

जबाब लिहून घेताना लेखनिकानं नेहमीचा प्रश्न विचारला, "बेपत्ता झाल्यावर तिच्याकडून काही फोन, मेसेज?"

"मेसेज नाही. एक बटण आलं."

"बटण? शर्टाचं?"

"नाही हो. फोनवर. बटण आलं, त्याला नाव नव्हतं."

लेखनिकानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, माणूस भेदरलाय, काहीतरी बोलतोय. जबाबात लेखनिकानं इमानेइतबारे लिहिलं, 'पत्नीकडून एक बटण प्राप्त झाले.' त्या वाक्यावर मी सहीही केली. त्याला घरी जायला सांगितलं तर तो गेला नाही. रात्रभर ठाण्याच्या बाकावर बसून राहिला, दर थोड्या वेळानं फोन कानाला लावत.

सकाळी तिचा भाऊ स्वतःच ठाण्यात आला. उन्हानं रापलेला, उंचापुरा, बोलताना नजर खाली. केबिनचं दार त्यानं आपल्या हातानं लोटून घेतलं.

"साहेब, तुमाला एक सांगायला आलोय. त्याचा फोन बगा. तिनं त्याला लोकेशन पाठवलंय. तिला कुटं नेलं, काय केलं, सगळं त्याला ठावं हाय. आंदळा हाय म्हणून तुमी कीव करू नगा."

पोलिसाला खबर आधी तपासावी लागते, खबर देणारा नंतर. मी त्या माणसाला आत बोलावून त्याचा फोन मागितला. त्यानं लगेच दिला. आमच्या महिला हवालदारांनी त्यावरचं ते गप्पांचं ॲप उघडलं. बायकोच्या नावापुढे शेवटचा संदेश आदल्या दुपारचा होता. छोटा नकाशा, त्यावर लाल टिंब. मंद्रूपच्या रस्त्याला, गाव सोडून, माळावर.

मी चक्रावून गेलो. बायको कुठे आहे हे याच्या खिशात होतं, आणि हा रात्रभर माझ्या बाकावर बसून 'ती कुठं असेल हो साहेब' म्हणत होता.

मी त्याला काही न सांगता गाडी काढली. दोन पंच बरोबर घेतले. लाल टिंबाच्या जागी पोहोचलो तर बंद पडलेली एक पोल्ट्री. जाळ्या फाटलेल्या, आत पिसांचा वास. बाईचा पत्ता नाही. मागच्या भिंतीला टेकवून ठेवलेली पांढरी काठी मात्र सापडली. तिच्या मुठीला लाल लोकरीचा गोंडा होता. पंचनामा केला, आसपास शोध घेतला, जवळची विहीर पाहिली. विहिरीत वाकून पाहताना माझा जीव थाऱ्यावर नव्हता, हे सांगायला हवं. पाणी तळाला होतं आणि स्वच्छ होतं.

परत येऊन मी काठी त्याच्या हातात दिली. त्यानं मूठ चाचपली, गोंड्यावर बोटं थांबली. "ही तिचीच. कुठं मिळाली?"

"तूच सांग कुठं मिळाली." माझ्या तोंडी आता 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. "काल दुपारपासून तुझ्या फोनमध्ये तिचं लोकेशन आहे. आम्हाला का सांगितलं नाहीस?"

"कसलं लोकेशन?"

"नाटक करू नकोस."

"साहेब, मी सांगितलं की. बटण आलं म्हणून."

पुन्हा तेच. चौकशीत खोटं बोलणारी माणसं मी खूप पाहिली. खोटं बोलणारा प्रत्येक वेळी गोष्ट थोडी सुधारून सांगतो. जिथे तुम्ही अडवलं तिथे पुढच्या वेळी ठिगळ लावून येतो. हा माणूस तेच न पटणारं वाक्य जसंच्या तसं परत सांगत होता. एवढं वाईट खोटं कोणी बोलतं का? आणि खोटं नसेल तर बटण म्हणजे काय? मला काहीच सुधरेना. फोनमधला नकाशा मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

शेवटी मी म्हणालो, "काल काय केलंस ते माझ्यासमोर कर."

त्यानं फोन घेतला आणि कानाला लावला. आतून एक आवाज इतक्या वेगानं बोलत होता की मला एक अक्षर कळेना.

"स्पीकरवर टाक. आणि सावकाश लाव."

त्यानं काहीतरी बदललं. फोन आता माणसासारखा बोलू लागला. त्याचं बोट काचेवर जिथे टेकेल तिथलं फोन वाचून दाखवत होता. बायकोचे जुने संदेश ऐकू आले. 'डबा विसरलात.' 'येताना कोथिंबीर आणा.' मग बोट त्या नकाशावर आलं. फोन म्हणाला, "बटण. नाव नाही."

मी खुर्चीतून उठलो. "दाब ते."

त्यानं दोनदा टिचकी मारली. पडदाभर नकाशा उघडला. रस्ते, गावांची नावं, मधोमध लाल टिंब. आणि फोन गप्प. त्यानं काचेवर वरून खाली बोट फिरवलं, डावीकडून उजवीकडे फिरवलं. मंद्रूपच्या नावावरून त्याचं बोट गेलं, तरी फोन मुका.

"असंच होतं," तो म्हणाला. "दाबलं की गप्प होतो. या ॲपमध्ये कधी कधी चुकून हात लागला की असलं काहीतरी जातं. मला वाटलं तिचा हात लागला."

मी डोळे मिटून फोनवर बोट फिरवून पाहिलं. माझ्या बोटाखाली नुसती काच होती.

महिला हवालदारांनी त्याला समजावून सांगितलं. "अहो, तो पत्ता होता. ती कुठं आहे त्याचा नकाशा. तिनं तुम्हाला पाठवला होता."

त्यानं तिची काठी मांडीवर आडवी ठेवली. मग फोन दोन्ही हातांत धरून म्हणाला, "म्हणजे ती मला हाक मारत होती? आणि रात्रभर हे माझ्या खिशात होतं?"

त्याला पाणी द्यायला सांगून मी व्हरांड्यात आलो. डोक्यात नुसता कालवा. हा निर्दोष असेल तर काल दुपारी त्या नकाशाबद्दल जगात कोणाला माहीत होतं? ज्याला पाठवला त्यालाही कळलं नव्हतं. पाठवणारीला माहीत होतं. आणि पाठवणारीचा फोन ज्यानं पाहिला असेल त्याला. समोरच्या बाकावर तिचा भाऊ सकाळपासून थांबला होता, चहा पीत. दिवाळीपासून बहिणीशी न बोललेला भाऊ. त्यानंच सकाळी येऊन मला सांगितलं होतं की तिनं लोकेशन पाठवलंय. ही गोष्ट मला तेव्हाच खटकायला हवी होती असं वाचकांना वाटेल. पण खबर खरी निघाली की ती आली कुठून हे माणूस विसरतो.

त्याला आत घेतलं.

"लोकेशन पाठवल्याचं तुला कोणी सांगितलं?"

"तिनंच की."

"कधी?"

"काल. फोनवर."

"दिवाळीपासून बोलणं नाही म्हणालास."

मी तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. त्यानं मान वर केली नाही. असल्या मुक्या माणसापुढे आवाज चढवून उपयोग नसतो, तो आणखी आत जातो. आमच्या महिला हवालदार मूळच्या त्याच भागातल्या. त्या कागद आवरत होत्या. मान न उचलता, घरच्यासारखं त्यांनी विचारलं, "पोटुशी बाई हाय. जेवली का रं ती?"

"रातच्याला न्हाय जेवली," तो बोलून गेला.

त्याचं त्यालाच कळलं काय झालं ते. दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून तो रडायला लागला. आधी मला राग आला, मग काय वाटावं तेच कळेना.

हकीकत अशी निघाली. भावाला आणि त्याच्या बायकोला मूल नव्हतं. पोटात राहायचं आणि जायचं. बहिणीला दिवस गेल्याचं कळल्यावर घरात बोलणं सुरू झालं, की पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं आणि लेकरू इथेच राहायचं. तसं तो बहिणीला स्पष्ट बोललाही होता. तेव्हापासून तिनं माहेर तोडलं होतं. आदल्या दिवशी दुसऱ्याच्या फोनवरून त्यानं तिला कळवलं की आईला शहरात दवाखान्यात ठेवलंय, न्यायला येतो. नवऱ्याला सांगायला उसंतही न देता घराजवळच्या कोपऱ्यावरून तिला गाडीत घेतलं आणि शहराबाहेर काढलं. स्वतःच्या गावी न नेता त्यानं तिला सासुरवाडीला ठेवलं होतं, मंद्रूपच्याही पुढे, कर्नाटकच्या हद्दीला लागून.

"आमी काय तिला मारनार हुतो का साहेब?" तो म्हणाला. "दोघं बी आंदळी. लेकराच्या तोंडात काय गेलं, ते चुलीकडं गेलं का, कसं कळनार त्यास्नी? मी मामा हाय त्याचा."

मी गाडी काढायला सांगितली. नवऱ्याला मी बरोबर घेतलं. नियमानं तशी गरज नव्हती, पण त्या बाईनं आमच्यातल्या कोणाच्या आवाजावर का विश्वास ठेवावा?

पोहोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. पत्र्याच्या घराच्या सोप्यात ती भिंतीला पाठ लावून बसली होती. शेजारी ताट झाकून ठेवलेलं. घरातली म्हातारी तिला कानडीत "ऊटा माडव्वा, ऊटा माडव्वा" म्हणत होती. जेव गं बाई, एवढंच ती सांगत होती. पण त्या पोरीला कानडीचा गंध नव्हता. आमच्या बुटांचा आवाज ऐकून ती ताठ झाली.

"कोन हाय?"

"पोलीस आहोत. घाबरू नका."

तिनं पहिला प्रश्न विचारला तो असा. "मी कुटं हाय? कालपासनं इचारतीय. हितं कुनी सांगंना."

मी तिला गावाचं नाव सांगितलं, तालुका सांगितला, सोलापूर कोणत्या दिशेला आणि गाडीनं किती वेळावर आहे तेही सांगितलं. ती ओठ हलवून सगळं मनाशी परत म्हणत होती. तेवढ्यात नवरा पुढे झाला. त्याच्या काठीचा आवाज तिनं ओळखला. पण ती उठली नाही.

"कुटं होता तुमी?" ती म्हणाली. आवाजात रागापेक्षा थकवा होता. "लघवीचं निमित्त करून गाडी थांबवली मी. फोनचा आवाज एकदम बारीक केला, कानाला लावला आन पत्ता पाठवला. बोलले असते तर दादाला ऐकू गेलं असतं. काठी बी तिथंच राहिली. दादानं फोन हिसकला, बघितलं, आन काल रातभर म्हणत होता, पत्ता पाठवलास की, आला का तुझा नवरा? त्याला नगं हायस तू."

"आला होता पत्ता," तो म्हणाला. "मला वाचता आला नाही."

"मला वाटलं कुनाला तरी दाखवाल."

"काय दाखवायचं तेच मला कळलं नाही गं. त्यानं नुसतं बटण म्हणून सांगितलं."

ती मग हळूच म्हणाली, "मला बी पाठवताना तसंच ऐकू आलतं. अंदाजानं दाबलं." आणि तिनं हात पुढे केला. तो हात त्याला सापडायला थोडा वेळ लागला. मी मध्ये पडलो नाही.

त्या दोघांच्या मध्ये एक अचूक पत्ता आदल्या दुपारपासून पडून होता. तिला तो हवा होता, कारण आपण कुठे आहोत हेच तिला माहीत नव्हतं. त्याला हवा होता, कारण ती कुठे आहे हे त्याला माहीत नव्हतं. ज्यांनी ते ॲप बनवलं ते डोळस होते. हा पत्ता तिच्या भावाला दिसला, मला दिसला. फक्त त्या दोघांना नाही.

पुढे फुरसतीत मी त्या दोघांशी बोललो. तिनं एक गोष्ट सांगितली ती कायमची माझ्या लक्षात राहिली. ती म्हणाली, "साहेब, आमाला समदे म्हणत्यात, लोकेशन चालू ठेव म्हणजे तू कुटं हाय ते आमाला कळंल. शेजारचे म्हणत्यात, हापिसातले म्हणत्यात. पन आमाला बी कुनीतरी कुटं हाय ते बघायचं असंल, हे कुनाच्या डोक्यात येत न्हाय." त्या ॲपच्या कंपनीला त्यांनी तक्रार लिहिली. आभाराचं उत्तर आलं. पुढे काही सुधारलं की नाही मला माहीत नाही. दुसऱ्या काही ॲपमध्ये ठिकाणाचं नाव नीट वाचून दाखवलं जातं, असं त्याच्याकडूनच कळलं. म्हणजे जमत नाही असं नव्हतं. कोणी डोळे मिटून तपासून पाहिलं नव्हतं, इतकंच.

खात्यात राहिलो तोपर्यंत मी एक सवय लावून घेतली. समोर आलेला माणूस विचित्र बोलला, की त्याचे शब्द बदलून लिहायचे नाहीत आणि सोडूनही द्यायचे नाहीत. त्याला जे झालं ते माझ्यासमोर परत करून दाखवायला सांगायचं. आणि हातात पुरावा सापडला तरी तो पुरावा त्या माणसाला कळत होता का, हे विचारायचं. नव्या अधिकाऱ्यांना मी हे सांगायचो. काही जण हसायचे.

भावावर फसवून नेल्याचा आणि डांबून ठेवल्याचा गुन्हा दाखल झाला. त्याला अटक झाली, पुढे जामीन झाला. त्यांची आई ठाण्यात येऊन मुलीच्या पाया पडायला निघाली, रक्ताच्या भावाला तुरुंगात घालतेस का म्हणून. मला वाटलं ही पोरगी आता जबाब फिरवणार. असल्या प्रकरणांत बहुतेक जणी फिरतात.

तिला मुलगी झाली. बारशानंतर काही दिवसांनी भाऊ ठाण्यात आला. त्याला बहिणीच्या दारात जायला कोर्टानं मनाई केली होती. त्याच्या हातात लहान बाळापुरती घोंगडी होती. "आमच्याच मेंढरांच्या लोकरीची हाय," तो म्हणाला. "तेवढी पोचवा साहेब." हे पोलिसाचं काम नव्हे. तरी मी हवालदारांना घेऊन भवानी पेठेतल्या त्यांच्या खोलीवर गेलो.

तिनं घोंगडी मांडीवर घेतली. कड चाचपली, वीण चाचपली, गालाला लावून पाहिली. "दादानं दिली?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो. तिनं नवऱ्याच्या दिशेनं मान वळवली. तो पाळण्याची दोरी ओढत बसला होता. म्हणाला, "तुझं तू ठरव."

तिनं घोंगडीची घडी घातली आणि पाळण्यात लेकीच्या पायांवर टाकली. मग मला म्हणाली, "त्याला सांगा, मिळाली. ऊब हाय. आन हे बी सांगा, केस मी मागं घेणार न्हाय."

मी जिने उतरून खाली आलो. या दोन गोष्टी एका माणसाच्या मनात एकाच वेळी कशा राहतात, याचा विचार मी गाडीत बसेपर्यंत करत होतो. मला ते उलगडलं नाही. तिला मात्र त्यात काही गोंधळ दिसत नव्हता. मी ठाण्यावर जाऊन तिचा निरोप तिच्याच शब्दांत भावाला सांगितला, त्यात एक शब्दही कमीजास्त केला नाही.